कोडखाली सही कोणाची? : योजना-कक्षातील कर्मचाऱ्यांचे मागणीपत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय : सरकारी आरोग्य योजनांतील पॅकेज-कोड व चुकीच्या क्लेमची जबाबदारी निश्चित करणे

महोदय,

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांच्या पॅनेलवरील खासगी हॉस्पिटलांच्या योजना-कक्षांत क्लेम भरण्याचे काम आम्ही करतो. खोटे क्लेम पकडले जावेत आणि दोषी हॉस्पिटले पॅनेलवरून उतरावीत, हा आमचाही आग्रह आहे. 2023 च्या कॅग अहवालात आयुष्मानचे सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाला जोडलेले निघाले. असे काही उघड झाले की चौकशी होते आणि पहिली नोकरी जाते ती टंकणाऱ्याची.

म्हणून आमची मुख्य मागणी : क्लेममधला पॅकेजचा कोड उपचार करणाऱ्या डॉक्टरनेच ठरवावा आणि त्याखाली वेळ, नोंदणी क्रमांक व सही असावी. त्याशिवाय पोर्टलने तो घेऊच नये.

आयुष्मानच्या ऑक्टोबर 2021 च्या सुधारित दरांत साध्या वॉर्डाचा दिवस 2100 रुपये, एचडीयू (वॉर्ड आणि आयसीयू यांच्या मधला कक्ष) 3300 आणि व्हेंटिलेटरविना आयसीयू 8500. डेंग्यूचा रुग्ण वॉर्डात असतो, केस पेपरवर डॉक्टरांनी 'निरीक्षणाखाली' एवढेच लिहिलेले असते. संध्याकाळी वरून निरोप येतो, "क्लेम आयसीयूत बसवा." तासातासाचा तक्ता मागितला तर तो दुसऱ्या दिवशी येतो : चोवीस तासांच्या नोंदी, तीन पाळ्यांच्या, पण एकाच पेनाने आणि एकाच हाताच्या. नाही म्हणण्याचा अधिकार आम्हाला कोणत्याही कागदाने दिलेला नाही. तो द्यावा.

दुसरे, तोडून बिल लावण्याचे. एकाच वेळी अनेक शस्त्रक्रिया झाल्या तर आयुष्मानच्या नियमानुसार सर्वांत महागडीचे पूर्ण पैसे, दुसरीचे 50 टक्के आणि पुढचीचे 25 टक्के मिळतात. ही कपात टाळायला कागदावर डिस्चार्ज दाखवून रुग्णाला पुन्हा दाखल करतात. बिचारा त्याच खाटेवर असतो. काही दिवसांत झालेला असा पुनर्प्रवेश पोर्टलनेच अडवून कारण विचारावे. कोणत्या पॅकेजात काय आधीच धरलेले आहे, याची उदाहरणांसह मराठी पुस्तिकाही काढावी. आज हे ज्ञान आमच्यात तोंडी चालते आणि माणूस नोकरी सोडून गेला की त्याच्याबरोबर जाते.

तिसरे, चूक आणि लबाडी एका तराजूत तोलू नये. डाव्या डोळ्याऐवजी उजवा टंकला गेला तर क्वेरी येण्याआधी, सात दिवसांच्या आत, दंडाशिवाय दुरुस्ती करता यावी. ही सवलत सरसकट मात्र नको. खऱ्या चुका स्वस्त आणि महाग अशा दोन्ही बाजूंना होतात. त्या दर वेळी महागड्या कोडकडेच झुकत असतील तर तिथे संशयाचा फायदा देऊ नये.

मंजूर रकमेवर कर्मचाऱ्याला इन्सेंटिव्ह देण्यास बंदी घालावी. त्यात आमच्यातल्या काहींचे नुकसान आहे, तरीही ही मागणी एकमताची आहे. डिस्चार्ज कार्डासोबत रुग्णाला पॅकेजचे नाव, दिवस आणि रक्कम मराठीत छापून द्यावी. आपण आयसीयूत होतो की नाही, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? आणि तक्रार करणाऱ्या कर्मचाऱ्याचे नाव हॉस्पिटलपर्यंत पोहोचू नये.

चर्चेसाठी वेळ द्यावी. येताना रुग्णांची नावे झाकलेले नमुना केस पेपर आणि तक्ते आणू.

आपले,
योजना-कक्ष कर्मचारी