विश्लेषण : परदेशातून ‘डॉक्टर’ होऊन परतले, तरी प्रॅक्टिस का करता येत नाही? ‘एफएमजीई’ परीक्षेत बहुसंख्य का अडकतात?

कल्याणमध्ये १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेतून वैद्यकीय पदवी घेऊन परतल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्री-विभागाची जबाबदारी त्यांना देऊ करण्यात आली होती आणि त्यासाठी वेगळी परवाना परीक्षा द्यावी लागणार नव्हती. डॉक्टरांच्या नोंदणीचा मुंबई प्रांतातील कायदाच मुळी १९१२ चा. आज ठाणे, कल्याण, डोंबिवलीतून रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान किंवा फिलिपाइन्सला शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याला मात्र पदवी हातात असूनही ‘एफएमजीई’ म्हणजे परदेशी वैद्यकीय पदवीधर परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. दर पाचांपैकी सुमारे चार जण तिथेच थांबतात. असे का होते?

ही परीक्षा नेमकी काय आहे?

परदेशी पदवीधरांसाठी चाळणी परीक्षा २००२ पासून लागू झाली. राष्ट्रीय परीक्षा मंडळ ती वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर सत्रात घेते. एकाच दिवशी संगणकावर दोन पेपर, प्रत्येकी १५० प्रश्न आणि प्रत्येकी अडीच तास. एकूण ३०० पैकी १५० गुण मिळाले की उत्तीर्ण. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत आणि किती वेळा परीक्षा द्यायची याला मर्यादा नाही. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या पाच देशांत पदव्युत्तर पात्रता मिळवून तिथे प्रॅक्टिसची मान्यता असलेल्यांना यातून सवलत आहे.

निकाल काय सांगतात?

जून २०२३ च्या सत्रात २४,२६९ जणांनी परीक्षा दिली आणि २,४७४ उत्तीर्ण झाले, म्हणजे जेमतेम १० टक्के. जून २०२४ मध्ये हे प्रमाण सुमारे २१ टक्के होते. डिसेंबर २०२४ च्या सत्रात ४४,३९२ पैकी १३,१४९ उत्तीर्ण झाल्याने ते ३० टक्क्यांजवळ पोहोचले. मात्र जून २०२५ मध्ये ३६,०३४ पैकी ६,७०७ जणच पार झाले आणि टक्का पुन्हा १८.६१ वर आला.

परीक्षा खरेच इतकी कठीण आहे का?

एक साधे गणित करून पाहू. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय आहेत आणि गुण कापले जात नाहीत. त्यामुळे एखाद्याला १०० प्रश्नांची उत्तरे खात्रीने येत असतील आणि उरलेल्या २०० ची त्याने डोळे झाकून निवड केली, तरी सरासरीने त्यातील ५० बरोबर येतात. बेरीज १५०. म्हणजे एक तृतीयांश प्रश्नपत्रिका पक्की येणारा विद्यार्थी उंबरठ्यापर्यंत पोहोचतो. तरीही बहुसंख्य नापास होतात. त्यामुळे ‘पेपर अवघड होता’ एवढे कारण पुरेसे नाही. एवढेही पक्के का येत नाही, हा खरा प्रश्न आहे.

मग अडते कुठे?

उत्तर अभ्यासक्रमात सापडते. ३०० पैकी २०० प्रश्न रुग्णाशी थेट संबंध येणाऱ्या विषयांवर असतात. त्यात मेडिसिन ३३, सर्जरी ३२, स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र ३० आणि कम्युनिटी मेडिसिन ३०. या चार विषयांचेच १२५ प्रश्न होतात. कम्युनिटी मेडिसिन म्हणजे भारतातील लसीकरण, क्षयरोग नियंत्रण, आरोग्य कार्यक्रम. युरोप किंवा मध्य आशियातील विद्यापीठ हे शिकवणार कशाला? मलेरिया, डेंग्यू, लेप्टो हे आपल्याकडे दर पावसाळ्यात वॉर्ड भरून टाकणारे आजार तिथे क्वचितच दिसतात.

दुसरी अडचण भाषेची. वर्गात इंग्रजी असले, तरी वॉर्डातला रुग्ण स्थानिक भाषेतच बोलतो. त्यामुळे रुग्णाला प्रश्न विचारून निदानापर्यंत जाण्याचा सराव कमी पडतो. २०१५ ते २०१८ च्या निकालांतही हा फरक दिसला होता. बांगलादेशात शिकलेल्यांचे उत्तीर्ण होण्याचे प्रमाण सुमारे २७ टक्के होते, तर रशियाचे सुमारे १३ आणि चीनचे सुमारे १२ टक्के. बांगलादेशातले आजार आणि तिथला अभ्यासक्रम आपल्याशी मिळताजुळता आहे.

तिसरी अडचण परतल्यानंतरची. विद्यापीठाशी संबंध संपलेला, इथल्या कोणत्याही महाविद्यालयाशी नाते नाही. मग दिल्लीच्या गौतमनगरमधले क्लास किंवा घरी बसून ॲपवरची लेक्चर्स. १९ विषयांची उजळणी एकट्याने करायची आणि प्रयत्नांना मर्यादा नसल्याने एकेक सत्र करता करता वर्षे निघून जातात.

उत्तीर्ण झाल्यावर लगेच दवाखाना टाकता येतो?

नाही. राज्यात आधी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तात्पुरती नोंदणी, मग १२ महिन्यांची इंटर्नशिप आणि त्यानंतर कायम नोंदणी. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने मार्च २०२२ च्या परिपत्रकात परदेशी पदवीधरांसाठी महाविद्यालयाच्या मान्य जागांच्या साडेसात टक्के अशी मर्यादा घातली. १०० जागांच्या महाविद्यालयात याचा अर्थ जेमतेम सात जण.

ठाणे जिल्ह्यासाठी हा प्रश्न केवळ काही कुटुंबांचा नाही. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात कल्याण, भिवंडी, शहापूरपर्यंतचे रुग्ण येतात. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे २४ तासांत १८ रुग्णांचा मृत्यू झाला, तेव्हा या रुग्णालयावरचा ताण राज्यभर चर्चेत आला. एकीकडे डॉक्टर हवेत, दुसरीकडे पदवीधर घरी पुस्तके घेऊन बसलेले.

तोवर खासगी रुग्णालयात काम केले तर?

इथेच मोठा धोका आहे. नोंदणीशिवाय रुग्ण तपासणे आणि औषधे लिहून देणे हा २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यानुसार गुन्हा आहे. त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ही परीक्षा उत्तीर्ण न होताच विविध राज्यांत नोंदणी मिळवल्याच्या आरोपावरून सीबीआयने डिसेंबर २०२२ मध्ये ७३ जणांवर गुन्हा नोंदवला होता. ‘तात्पुरता आरएमओ’ म्हणून केलेली नोकरी पुढचा कायमचा परवाना अडचणीत आणू शकते.

परदेशी प्रवेश घेण्यापूर्वी काय तपासावे?

नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनी अटी स्पष्ट केल्या आहेत. एजंटच्या माहितीपत्रकापेक्षा याच अटी विद्यापीठाकडून लेखी घ्याव्यात.

• अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि एकाच संस्थेत. फिलिपाइन्समधील चार वर्षांच्या ‘एमडी’चा घोळ याच अटीमुळे झाला.
• त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप. भारतातली इंटर्नशिप याशिवाय वेगळी.
• शिक्षणाचे माध्यम इंग्रजी.
• त्या देशातील नागरिकाप्रमाणे तिथे प्रॅक्टिसचा परवाना मिळण्याची पात्रता.
• प्रवेशापासून १० वर्षांत सर्व टप्पे पूर्ण.
• अर्थातच, ‘नीट’ पात्रता आवश्यक.

म्हणजे पहिल्याच प्रयत्नात यश मिळाले तरी साडेसहा वर्षे. घरच्यांनी कर्जाचा हिशेब पदवीपर्यंत न मांडता कायम नोंदणीपर्यंत मांडायला हवा.

‘नेक्स्ट’मुळे चित्र बदलेल?

देशात आणि परदेशात शिकलेल्या सर्वांसाठी एकच ‘नेक्स्ट’ परीक्षा घेण्याची तरतूद २०१९ च्या कायद्यात आहे. जून २०२३ मध्ये तिचे नियम आले, पण पुढच्याच महिन्यात ती लांबणीवर पडली. भारतात शिकलेले एमबीबीएस आपल्या विद्यापीठाच्या परीक्षेवर डॉक्टर होतात, मग आम्हालाच वेगळी चाळणी का, हा परदेशी पदवीधरांचा आक्षेप तोवर कायम राहील. दोघांनी एकच पेपर दिल्याशिवाय दर्जाची तुलनाही होऊ शकत नाही. मात्र रुग्णाच्या सुरक्षेसाठी चाळणी हवीच, यावर दुमत नसावे. परदेशात असतानाच तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून भारतीय अभ्यासक्रमाची समांतर तयारी करणे, एवढेच आज विद्यार्थ्याच्या हातात आहे.