चाळीस वर्षांची तात्पुरती सोय

न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांना वैद्यकीय हलगर्जीपणाच्या दाव्यांसाठी जादा विम्याचं कवच देणारा कायदा १९८६ साली ठरावीक मुदतीसाठी झाला. तेव्हापासून राजधानी ऑल्बनीतले आमदार त्याला मुदतवाढीवर मुदतवाढ देत आलेत, अलीकडे तर एकेका वर्षाचीच. याला मी कारभार म्हणत नाही. ही भित्री चालढकल आहे.

मी लाँग आयलंडवर बाळंतपणं करते. माझा मूळ विमा एका दाव्याला १३ लाख डॉलर, वर्षाला ३९ लाखांपर्यंत. त्याचा हप्ता मी भरते, आणि आमच्या शाखेत तो लाखाच्या वर जातो. त्यावरचं १० लाखांचं कवच राज्याच्या पैशातून येतं. त्यासाठी राज्य वर्षाला ७ कोटी ८५ लाख डॉलरच्या आसपास बाजूला काढतं.

डॉक्टरांचे लाड जनतेने का पुरवावेत, असं विचारणाऱ्यांना मी लेबर रूममध्ये न्यायला तयार आहे. डोकं बाहेर आलंय, खांदा अडकलाय, नर्स आईच्या पोटावर खालच्या बाजूला दाब देतेय आणि हातात मोजकी मिनिटं आहेत. बाळाच्या ठोक्यांची त्या वेळची पट्टी पुढे दहा वर्षांनीही कोर्टात येऊ शकते, कारण मुलासाठी दावा लावायला कायदा तेवढा अवधी देतो. तो द्यायलाच हवा. मेंदूला इजा झालेल्या मुलाला जन्मभर सांभाळायला १३ लाख पुरत नाहीत, आणि वरचे १० लाख माझ्या खिशात नाही, त्या मुलाच्या घरी जातात. हे कवच काढलंत तर माझं घर विकूनही त्या आईबापांची भरपाई पुरी होणार नाही.

तरीही २०२१ मध्ये तेव्हाचे गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांनी, २०२४ आणि २०२५ मध्ये गव्हर्नर कॅथी होकुल यांनी या जादा विम्याचा निम्मा हप्ता डॉक्टरांवर ढकलायचा घाट घातला. विधिमंडळाने तो हाणून पाडला आणि शौर्य तिथेच संपलं. पुन्हा एक वर्षाची वाढ, घोंगडं भिजतच. २०२५ चं बजेट १ एप्रिलला व्हायचं ते मे उजाडल्यावर मंजूर झालं; विम्याचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. त्यातही योजनेतल्या डॉक्टरांच्या संख्येला मर्यादा आणि जुन्यांना प्राधान्य. म्हणजे नव्याने प्रॅक्टिस सुरू करणारी मुलगी, जिला या आधाराची सर्वांत जास्त गरज, ती रांगेत शेवटी.

विम्याचे हप्ते आवरायला कॅलिफोर्नियाने १९७५ साली वेदनेच्या भरपाईवर अडीच लाखांची मर्यादा घातली. ती मला क्रूर वाटते, आणि २०२२ साली ती वाढवावीच लागली. पण तिथे निर्णय तरी झाला. न्यूयॉर्कमध्ये मृत्यूच्या भरपाईवर मर्यादा घालायला राज्यघटनाच मनाई करते. मग कवच कायमचं करण्याखेरीज दुसरा सरळ रस्ता कोणता?

कायद्यातली मुदतीची तारीख खोडा, संख्येची मर्यादा उठवा, पूर्ण हप्ता राज्याने भरावा असं कलमातच लिहा. ज्या आमदाराला हे मान्य नसेल, त्याने सभागृहात उभं राहून विरोधात मत द्यावं.