अळणी खिचडी

१२ जुलै उजाडला की पुण्यातील एका ओसवाल कुटुंबाच्या स्वयंपाकघरात मुगाची खिचडी शिजते आणि तिचा पहिला घास सर्वांनी मिठाशिवाय घ्यायचा, असा दंडक आहे. ऐंशी ओलांडलेल्या दादीजी तो कसोशीने पाळतात.

१९६१ साली याच दिवशी, बुधवारी सकाळी, पानशेतचे अपुरे धरण फुटले. त्या लोंढ्याने पुढे खडकवासल्याचे जुने धरणही टिकले नाही. मुठेचे पाणी पेठांत शिरले, लकडी पूल बुडाला. कुटुंबाचे किराण्याचे दुकान नदीकाठच्या पेठेत होते. घरातील बायकामुलांनी भवानी पेठेतील आप्तांकडे आसरा घेतला. दादाजी मात्र वह्या काढण्यासाठी मागे थांबले.

आप्तांच्या घरी पंचवीस-तीस माणसे जमली होती. विहिरीचे पाणी गाळून, उकळून, सूर्यास्तापूर्वी सर्वांना जेवू घालायचे होते. नव्या सुनेने, म्हणजे दादीजींनी, खिचडी रांधली. पण चित्त थाऱ्यावर नसल्याने मीठ घालायचे राहिले. कोणीही काही बोलले नाही. दिवस मावळण्याच्या बेतात असताना चिखलाने माखलेले दादाजी दारात उभे राहिले. हात रिकामे होते. हातपाय धुऊन पानावर बसले, पहिला घास घेतला आणि म्हणाले, "दुकानातले सगळे मीठ नदीला दिले, खिचडीला कुठून उरणार?" त्या दिवसात घर प्रथमच हसले.

उधारीच्या वह्या लगदा झाल्या होत्या. पुढे दुकान पुन्हा उघडले तेव्हा दादाजींनी कोरी वही मांडली आणि गिऱ्हाइकांना एवढेच सांगितले, की ज्याला जे आठवत असेल ते त्याने सांगावे. ज्यांचे स्वतःचे घर वाहून गेले होते, असेही काहीजण आले आणि आपला आकडा लिहवून गेले. काहीजण आले नाहीत. दादाजींनी त्यांचा विषय पुन्हा काढला नाही.

यंदा धाकट्या नातसुनेने विचारले, "दादीजी, न आलेल्यांची नावे तुम्हाला ठाऊक आहेत?"

"पाठ आहेत," दादीजी म्हणाल्या. "दर संवत्सरीला एकेक विसरायचा प्रयत्न करते. दोन उरली आहेत."

एवढे बोलून त्यांनी मिठाची वाटी तिच्यापुढे सरकवली.