गेम ओव्हर का होत नाही?

मे महिना आला की कुणीतरी तो फोटो फॉरवर्ड करतंच. पिवळी कॅसेट, त्यावर '9999 इन 1', खाली "आमचं बालपण किती साधं होतं". पुढची ओळ ठरलेली, "हल्लीची पोरं मोबाईलने वाया गेली." आयला, डोकंच फिरतं माझं.

साधं कसलं? आमच्याकडे आंबेगावात तो डबा मुंबईच्या काकांबरोबर आला. मूळ मशीन निन्टेंडोचं, 1983 चं फॅमिकॉम. आपल्याकडे आली ती त्याची नक्कल. मूळ मशीनची मेमरी 2 केबी. 1985 चा 'सुपर मारिओ' अख्खा 40 केबीत बसवलाय. जागा वाचवायला ढगाचंच चित्र हिरवं रंगवून झुडूप केलंय, नीट बघा कधी. (9999 ही मात्र शुद्ध थाप. तेच ते गेम फिरून फिरून यायचे.)

पण तो गेम संपायचा. जीव संपले की गेम ओव्हर. सेव्ह करायची सोय नाही. 32 लेव्हल, त्यात 2007-08 च्या सुमाराचं लोडशेडिंग. शेवटच्या किल्ल्यात लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून! मग शिव्या घालत का होईना, बाहेर खेळायला जायचो.

कुणी म्हणेल, आर्केडवाल्यांनी तरी नाणी गिळायलाच गेम अवघड केले होते. मान्य. पण खिशातली नाणी संपली की मशीन गप्प बसायचं. रात्री अकराला घरी येऊन दार वाजवत नव्हतं.

आता ते दार वाजवतो कोण? आपणच, इंजिनिअर झालेले. "रोज या, बक्षीस घ्या", "जीव संपले, अर्ध्या तासाने या नाहीतर पैसे भरा" हे कुणीतरी पगार घेऊन लिहिलेलं कोड आहे. मी गेम लिहीत नाही, पण यूजर किती दिवसांनी परत येतो याचा आलेख आमच्याही मीटिंगमध्ये असतो. त्याने आता ॲप बंद करून झोपावं, असं तिथे कुणी म्हणत नाही. मीही म्हटलेलं नाही. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आणली, बरं झालं. पण नुसता वेळ खाणारे गेम त्या बंदीत येत नाहीत. आणि वाया गेली म्हणे पोरं!

परवा नारायणगावला भाच्याने विचारलं, "मामा, हा गेम संपतो कधी?"

उत्तर मला ठाऊक होतं. सांगायची लाज वाटली.