पाडण्याआधी एक ठराव करा
गृहनिर्माण सोसायट्यांच्या सभासदांना जाहीर आवाहन

पुनर्विकासाच्या वाटेवर असलेल्या, किंवा जिन्यात नुसती कुजबुज सुरू झालेल्या, पुण्या-मुंबईतल्या सर्व सोसायट्यांच्या सभासदांना ही विनंती आहे. इमारत पाडायची की नाही हे तुम्हीच ठरवणार आहात. पाडायचीच ठरली तर ती कशी पाडायची, हेही तुम्हीच ठरवू शकता. पण ते बिल्डरचे काम समजून बहुतेक जण सोडून देतात. करारनाम्यात वाढीव कार्पेट, भाडे, कॉर्पस, पार्किंग यावर पानेच्या पाने असतात. जुन्या इमारतीचे काय होणार यावर बहुधा एकच ओळ असते : पाडकामातून निघणाऱ्या मालावर विकसकाचा हक्क राहील. ही ओळ बदलून घ्या, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

पाडकाम म्हटले की धूळ आठवते, ब्रेकरचा कानठळ्या बसवणारा आवाज आठवतो. पोकलेन आणि डंपर डिझेल पितात तेही दिसते. पण कार्बनचा मोठा हिशेब तिथे नाही, तो तुमच्या डोक्यावरच्या स्लॅबमध्ये आहे. सिमेंटसाठी चुनखडी भट्टीत भाजतात. साधारण 1450 अंशांना क्लिंकर तयार होतो. त्यासाठी जळणाऱ्या कोळशाचा कार्बन वेगळा. खुद्द चुनखडीच भाजताना कार्बन डायऑक्साइड सोडते, आणि क्लिंकरच्या एकूण उत्सर्जनातला निम्म्याहून जास्त वाटा या दगडाचा असतो. म्हणजे भट्टीचे इंधन कितीही स्वच्छ केले तरी तेवढा वायू सुटणारच. जगातल्या मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडपैकी 7 ते 8 टक्के एकट्या सिमेंटमुळे येतो, असे मानतात.

घरगुती भाषेत सांगायचे तर स्लॅबच्या एका घनमीटर काँक्रीटला सात पोती सिमेंट लागते. त्यापोटी साधारण 200 ते 250 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. सळईचा हिशेब निराळा. तुमची इमारत 1985 साली उभी राहिली असेल तर हा सगळा खर्च तेव्हाच होऊन गेला. ती आणखी वीस वर्षे टिकली तर त्याच खर्चात टिकते. आज पाडली तर नव्या इमारतीसाठी पहिल्या पोत्यापासून सुरुवात, आणि तीही पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त मजल्यांची. नवी इमारत अधिक कुटुंबांना घर देते, हे खरे. चौथ्या मजल्यावर लिफ्टविना राहणाऱ्या आजींची अडचणही खरीच. म्हणून सरसकट ‘पाडू नका’ असे मी म्हणत नाही. पण पाडण्याला गळती, पोपडे आणि शेजारच्या सोसायटीला मिळालेले वाढीव कार्पेट एवढीच कारणे असतील, तर आधी नीट तपासून घ्या.

तपासायचे म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, आणि तेही सोसायटीने स्वतः नेमलेल्या अभियंत्याकडून. ज्याला इमारत पाडण्यातच रस आहे त्याने सुचवलेल्या माणसाचा अहवाल कशाला घ्यायचा? मुंबई महापालिका इमारतींची वर्गवारी करते. सी-1 म्हणजे धोकादायक, रिकामी करून पाडण्याजोगी. सी-2 ए मध्ये मोठी दुरुस्ती लागते आणि गरजेप्रमाणे काही भाग रिकामा करावा लागतो, सी-2 बी मध्ये लोक राहत असतानाच संरचनेची दुरुस्ती होते, आणि सी-3 ला किरकोळ डागडुजी पुरते. इमारत सी-1 असेल तर कार्बनचे नावही काढू नका, माणसे बाहेर काढा. उरलेल्या वर्गांत मात्र बोलायला जागा आहे.

अभियंता कॉलमचा कोअर काढेल तेव्हा सभासदांनी खाली उतरून पाहावे. त्या काँक्रीटच्या दांडीवर फिनॉल्फ्थॅलीनचा फवारा मारतात. सुदृढ काँक्रीट क्षणात गुलाबी होते; हवेतला कार्बन डायऑक्साइड जिथवर शिरला आहे तिथवर रंग चढत नाही. हा बिनरंगी थर सळईपर्यंत पोहोचला असेल तर गंज धरण्याची भीती. तो वरच्या प्लॅस्टरपाशीच थांबला असेल तर छताचे पोपडे पाहून घाबरण्याचे कारण नाही. कॉलमला जॅकेटिंग, स्लॅबला मायक्रोकाँक्रीट, गच्चीला चांगले वॉटरप्रूफिंग, एवढ्यावर कित्येक इमारती पुढची पंधरा-वीस वर्षे काढतात.

आता समजा, पाडायचेच ठरले. सध्या काय होते ते कुठल्याही गल्लीत पाहायला मिळते. पहिल्या आठवड्यात खिडक्या, ग्रिल, दरवाजे, बेसिन, वायर निघतात, कारण त्यांना लगेच पैसे मिळतात. मग गच्चीवर ब्रेकर चढतो. स्लॅब, विटांची भिंत, प्लॅस्टर, फरशी, प्लॅस्टिकचे पाइप, पीओपीचे छत, कोणाच्या तरी माळ्यावरची गादी, सगळे एकाच ढिगात कोसळते. सळई तेवढी ओढून काढतात, गॅस कटरने तोडतात आणि वजनावर विकतात. भंगारातले हे लोखंड वाया जात नाही. जालन्यासारख्या ठिकाणच्या भट्ट्यांत वितळून त्याची पुन्हा सळई होते, आणि खनिजापासून केलेल्या पोलादापेक्षा तिचा कार्बन बराच कमी असतो. उरलेला ढीग मात्र कामातून गेलेला असतो. निव्वळ काँक्रीट भरडले तर त्याची खडी होते. त्यात माती, पीओपी आणि चिंध्या मिसळल्या की भरावापलीकडे त्याला किंमत नाही.

म्हणून आधी सोला, मग फोडा. सागवानी चौकटी, शहाबादी फरशी, कडप्पा, जुन्या चाळीची मंगलोरी कौले शाबूत काढा. त्यांना गिऱ्हाईक आहे. चुन्यात बांधलेल्या भिंतीची वीट साफ होऊन परत वापरता येते, सिमेंटमधली बहुधा फुटते. काँक्रीटचा ढीग वेगळा, विटा-प्लॅस्टरचा वेगळा, लाकूड-प्लॅस्टिक-लोखंड वेगळे, माती वेगळी. हे चार भाग माझ्या मनाचे नाहीत, 2016 च्या केंद्रीय नियमांनी घालून दिले होते. आणि शेडवर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ते घणाने फोडू देऊ नका, ओले करून अखंड उतरवायला सांगा.

राडारोडा जातो कुठे? पुण्यात नदीपात्राच्या कडेला आणि टेकड्यांच्या पायथ्याला, मुंबईत खारफुटीत, रात्री अकरानंतर. टायफॅक या केंद्र सरकारच्या संस्थेच्या जुन्या अंदाजाप्रमाणे इमारत पाडल्यावर चौरस मीटरमागे 300 ते 500 किलो राडारोडा निघतो. दीड हजार चौरस मीटरची मध्यम सोसायटी धरली तरी 450 ते 750 टन झाले. मला हा अंदाजही कमीच वाटतो. मुंबईत कचऱ्याची विल्हेवाट नियमांप्रमाणे होत नव्हती म्हणून 2016 मध्ये उच्च न्यायालयाने नव्या बांधकामांच्या परवानग्या थांबवल्या होत्या, आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून त्या सुरू केल्या. आपल्या लक्षात राहिली ती फक्त घरांच्या भावांची चर्चा.

सोय नाही असेही आता म्हणता येत नाही. ज्या वाघोलीच्या खाणींनी पुण्याला खडी पुरवली, त्याच वाघोलीत महापालिकेचा राडारोडा प्रक्रिया प्रकल्प आहे. मुंबईसाठी दहिसर आणि शीळफाट्याजवळचे डायघर इथे प्रकल्प उभे राहिले. भरडलेल्या काँक्रीटची खडी वापरायला भारतीय मानकाची, आयएस 383 ची, 2016 पासून मुभा आहे : साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्क्यांपर्यंत, एम-25 पर्यंतच्या आरसीसीत 20 टक्क्यांपर्यंत, पायाखालच्या हलक्या पीसीसीत तर पूर्णच. तुमच्याच जुन्या इमारतीची खडी नव्या आवाराच्या पेव्हर ब्लॉकमध्ये आणि पीसीसीत बसू शकते. बिल्डर ‘क्वालिटी’चे कारण सांगेल. मानकाची प्रत समोर ठेवा.

केंद्राचे नवे नियम 1 एप्रिल 2026 पासून लागू झाले, पण राडारोड्याच्या पुनर्वापराची उत्पादकावरची जबाबदारी त्यांत 20,000 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांपुरतीच आहे. वीस-पंचवीस बिऱ्हाडांच्या बऱ्याच सोसायट्या या मापाखालीच राहणार. त्यांना पुनर्वापराचा जाब कायदा विचारणार नाही, म्हणून सभासदांनीच विचारायचा. स्वयंपुनर्विकास करणाऱ्यांना तर बिल्डरकडे बोट दाखवण्याचीही सोय नाही.

तेव्हा पुढच्या विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस निघण्याआधी सचिवांकडे लेखी विषय द्या. स्वतंत्र ऑडिट वाचून दाखवल्याशिवाय पाडण्याचा ठराव मांडला जाऊ नये. निविदेतच पाडकामाची वेगळी अट घाला : माल सोलून आणि वर्गवारी करून काढायचा, प्रक्रिया प्रकल्पाच्या वजनकाट्याच्या पावत्या सोसायटीला द्यायच्या, आणि पावत्या हाती येईपर्यंत ठरावीक रक्कम अडकवून ठेवायची. नव्या इमारतीत चालेल तिथे फ्लाय अ‍ॅश किंवा स्लॅगचे सिमेंट वापरायचे, हेही त्याच कागदावर लिहून घ्या. सह्या होण्यापूर्वी सोसायटीचा शब्द चालतो, सह्या झाल्यावर विनवण्या कराव्या लागतात. करारनामा अजून मसुद्यात असेल तर मालाच्या हक्काची ती एक ओळ आजच शोधा, आणि तिच्याखाली या अटी लिहायला लावा.