‘टॉवरवर लोड आहे’ हे उत्तर नव्हे

‘टॉवरवर लोड आहे’, ‘वायरलेस म्हटलं की थोडं असं होणारच’, ‘मोठा प्लॅन घ्या’. शिर्डी-राहात्याच्या पट्ट्यात एअरफायबर किंवा गच्चीवरच्या डिशचं नेट घेतलेल्या पोराने ऑनलाइन खेळताना पॅकेट लॉसची, म्हणजे वाटेत पॅकेट हरवण्याची, तक्रार केली की यातलं एखादं वाक्य ऐकवलं जातं आणि फोन बंद होतो. ही तिन्ही वाक्यं टिकणारी नाहीत.

मोठ्या प्लॅनचा पूर्वपक्ष आधी घेऊ, कारण त्यात ग्राहकाच्या खिशाला चाट आहे. स्पीड टेस्टमध्ये १०० एमबीपीएस दिसतात, मग नेट चांगलंच, असं सांगितलं जातं. पण ती टेस्ट बहुतेक वेळा टीसीपीवर चालते. त्यात वाटेत हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवून घेतलं जातं, म्हणून थोडीफार गळती आकड्यात दिसतच नाही. नेमबाजीचे खेळ यूडीपीवर चालतात. तिथे हरवलेलं पॅकेट उशिरा आणून उपयोग नसतो, तो क्षण निघून गेलेला असतो. व्हॅलोरंट या खेळाचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा खेळाची स्थिती मोजतो. अशा खेळाला वेग फार थोडा लागतो, सातत्य मात्र पूर्ण लागतं. प्लॅन दुप्पट केल्याने ते विकत मिळत नाही.

अंतराचं कारणही पुढे केलं जातं. खेळाचे सर्व्हर असलेली मुंबई शिर्डीहून रस्त्याने अडीचशे किलोमीटरच्या आसपास. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन अडीच मिलिसेकंद. तारेचा मार्ग वळसा घेत गेला तरी हिशेब फार बदलत नाही.

‘वायरलेस म्हटलं की असंच’ हे त्याहून मोठं अज्ञान. ४जी-५जीमध्ये टॉवर आणि घरावरचा रिसीव्हर यांच्यात बिघडलेला तुकडा काही मिलिसेकंदांत पुन्हा पाठवण्याची सोय मुळातच आहे. सिग्नल ठीक असेल तर हवेतली चूक बहुधा उशीर म्हणून दिसते, गळती म्हणून नाही. पॅकेट खरोखर गळतात ते रांग भरून वाहू लागली की, सिग्नल फारच कमजोर असला की, नाहीतर घरातल्याच वायफायवर. ५ गिगाहर्ट्झच्या डिशचं दुखणं वेगळं आहे. हा पट्टा विनापरवाना आहे, त्यामुळे लॉजांच्या दाटीत शेजारच्या गच्चीवरच्या रेडिओशी चॅनेल भिडतो. तो बदलता येतो. समोर वाढलेला कडुनिंब आडवा आला तर डिश वर घेता येते. यातलं काहीच विधिलिखित नाही.

राहिला टॉवरवरचा लोड. हा पूर्वपक्ष निम्मा खरा आहे, म्हणून तो जास्त फसवतो. दर्शनाच्या रांगेतले फोन आणि आपल्या गच्चीवरचा रिसीव्हर एकाच टॉवरवर असू शकतात, हे मान्य. पण शिर्डीची गर्दी अचानक येत नाही. गुरुवार दर आठवड्याला येतो. रामनवमी, गुरुपौर्णिमा, दसरा कॅलेंडरात छापलेले असतात. जी गर्दी वर्षभर आधी माहीत आहे तिच्यासाठी क्षमता न वाढवता नवी कनेक्शनं विकायची आणि मग गर्दीकडे बोट दाखवायचं, ही सबब झाली. शिवाय ५जीत घरगुती नेटसाठी टॉवरची क्षमता वेगळी राखून ठेवता येते.

फायबर दारात मिळत असेल तर जरूर घ्यावं. शेतातल्या वस्तीवर ते येत नाही, म्हणून तर हा सगळा खटाटोप.

आता करायचं काय? गळती कुठे होते ते आधी पकडायचं. संगणकावर दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरला पिंग लावा (अनेक घरांत पत्ता १९२.१६८.१.१), दुसरीत बाहेरच्या ८.८.८.८ला, आणि खेळ चालू असताना दोन्ही चालू ठेवा. पहिल्या खिडकीत पॅकेट गळत असतील तर दोष घरातल्या वायफायचा. लॅनची केबल लावली की तो बहुधा संपतो. पहिली स्वच्छ आणि दुसरी गळकी असेल तर घरातल्या कुणाचा फोन फोटोंचा बॅकअप तर करत नाही ना, ते पाहा. वायरलेसवर अपलोडची वाट अरुंद असते. ती भरली की खेळाची पॅकेटं रांगेबाहेर फेकली जातात. राउटरमध्ये एसक्यूएम (रांग आटोक्यात ठेवणारी सोय) असेल तर अपलोडवर मर्यादा घाला, आणि ती पहाटेच्या वेगावर न ठरवता संध्याकाळच्या सगळ्यात पडत्या वेगापेक्षाही थोडी कमी ठेवा. इथेच बहुतेक जण चुकतात. ट्रेसरूटमध्ये, म्हणजे पॅकेटच्या वाटेतले थांबे दाखवणाऱ्या चाचणीत, मधल्याच एखाद्या थांब्यावर गळती दिसली आणि पुढे शेवटपर्यंत दिसली नाही, तर ती खरी नव्हे. तो राउटर पिंगला उत्तर देण्यात कुचराई करतोय, इतकंच.

एवढं करूनही गळती राहिली तर ती कंपनीची. वेळ-तारखेसकट नोंद जोडून तक्रार करा, डॉकेट नंबर घ्या, दाद लागली नाही तर कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जा. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२च्या नियमांनी हा मार्ग दिलेला आहे. १ ऑक्टोबर २०२४पासून लागू झालेल्या सेवा-गुणवत्तेच्या नियमांत तर पॅकेट गळतीचा निकषही आहे.

‘खेळच तर आहे’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की डिसेंबर २०२२मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्स क्रीडा खात्याकडे सोपवले आहेत. आणि जी गळती खेळात गोळी चुकवते, तीच ऑनलाइन मुलाखतीत उमेदवाराचं वाक्य तोडते. तेव्हाही त्याला टॉवरवरचा लोडच सांगणार का?