गरिबीची झडती बंद करा!

फरीदाबादच्या कामगाराने फंडातून पैसे काढून किंवा हप्त्याने जुनी दुचाकी घेतली, तर ती चैन काय? पहिल्या पाळीला वेळेवर पोहोचण्याचे ते साधन आहे. पण सरकारी फॉर्मात वाहन दिसते, डोक्यावरचे कर्ज दिसत नाही.

2011 च्या सामाजिक-आर्थिक गणनेत दुचाकी, फ्रीज, टेलिफोन, महिना 10,000 वर कमाई, यांपैकी एक गोष्ट असली तरी ग्रामीण कुटुंब यादीबाहेर पडे. 2024 साली ग्रामीण घरकुलासाठी दुचाकी-फ्रीजची अट काढावी लागली. म्हणजे इतकी वर्षे ज्यांना नाकारले, ते गरीबच होते!

हरियाणाने दारिद्र्यरेषेच्या कार्डासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 1,80,000 रुपयांवर अडवले, म्हणजे महिना 15,000. नवरा-बायको दोघेही आठ-आठ हजारांवर राबले, की कुटुंब 'सुखवस्तू' ठरते! घरभाडे, शाळेची फी, आजारपण यांचा हिशेब कोणी विचारत नाही. बचत करावी तर कार्ड जाते, न करावी तर कारखाना बंद पडताच उपासमार.

मोठ्यांची कर्जे निर्लेखित होतात, तेव्हा त्यांच्या घरातला फ्रीज कोणी मोजतो काय?

जून 1997 पूर्वी रेशन सर्वांसाठी होते. चाळणी त्यानंतर आली. आमची मागणी स्पष्ट आहे: रेशन आणि औषधोपचार सर्वांना हक्काने द्या; वसुली करायची तर श्रीमंतांकडून कराने करा. साथींनो, ज्यांची कार्डे कापली, त्यांचे अर्ज युनियनमार्फत एकत्र दाखल करा. एकेकट्याला हाकलणे सोपे असते!